साडेतीन टनांची तीर्थयात्रा

"कूस बदलायची तर आधी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते," पडद्यापलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. "मी उजवीकडे वळणार म्हटलं की तू उठून बसायचं, गुरूने पाय पोटाशी घ्यायचे आणि वरच्या फळीवरून ईप्सिताने जर्मनमध्ये 'ओ मान' म्हणून वैतागायचं. याला काय झोप म्हणतात?"

"हळू बोला. शैला ऐकेल."

शैला म्हणजे मी. माझी उशी आणि त्यांची उशी यांच्यामध्ये एक पातळ पडदा होता, आणि त्या गाडीत माणसाचा नुसता विचारसुद्धा शेजारच्याला ऐकू यायचा.

"ऐकू दे. ती काही बोलणार नाही. या घरात महत्त्वाचं कोणी काही बोलतच नाही."

यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग चिवड्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. आमच्याकडे अवघड शांतता पसरली की सासूबाई चिवडा काढतात. या खेपेला पुण्याहून येताना त्यांनी नेहमीच्या दुप्पट चिवडा आणला होता, यावरून काय ते समजा.

एर्लांगेनमध्ये चांगलं चार खोल्यांचं घर असताना आम्ही पाच माणसं आयफेलच्या डोंगरात एका भाड्याच्या डब्यात चिवडा ऐकत का पडलो होतो, तर त्याचं मूळ सासूबाईंच्या गुडघ्यांत आहे. एका संध्याकाळी मी त्यांचे गुडघे शेकत होते आणि त्या सहज म्हणाल्या, "आरवलीचं कुंड असतं ना जवळ, तर एका बुडीत मोकळी झाले असते." त्यांचं माहेर तिकडचं, संगमेश्वराच्या बाजूचं. लहानपणी आईबरोबर त्या गरम पाण्याच्या कुंडावर जायच्या. गंधकाचा वास, वाफ, शेजारच्या बायका, आणि घरी परतताना लागलेली भूक, हे सगळं त्या इतकं छान सांगतात की ऐकणाऱ्याचेही गुडघे जरा बरे होतात.

सहज बोललेलं वाक्य माझ्या नवऱ्यासमोर बोलू नये. गुरुदत्त इंजिनिअर आहे. कुणी त्याच्यापुढे उसासा टाकला तरी तो त्याचा प्रकल्प करतो. त्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. जर्मनीतही आयफेल नावाचा जुन्या ज्वालामुखींचा प्रदेश आहे, तिथे गरम झरे आहेत, स्नानगृहं आहेत, एवढंच काय, जमिनीतून उसळणारा गीझरसुद्धा आहे. "बाथरूममधला बघितला असता, चारशे किलोमीटर कशाला?" हा विनोद सासऱ्यांनी केला, मग माझ्या मैत्रिणीने, वैभवीने केला, आणि मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रत्येकाने तो स्वतःला नव्याने सुचल्यासारखा केला. तो झाला असं समजून आपण पुढे जाऊ.

पण प्रकल्पाला खरी घाई वेगळ्याच गोष्टीची होती. ती गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती आणि एकानेही उच्चारली नव्हती. आई-बाबांची, म्हणजे सासू-सासऱ्यांची, ही जर्मनीची शेवटची खेप होती. बाबा ऐंशीच्या पुढे गेले. प्रवासाचा विमा देताना कंपनीने असे प्रश्न विचारले, की वाटावं, हा माणूस विमानात चढण्यापेक्षा पुतळा म्हणून चौकात उभा राहिला तर बरा. आईंना विमानतळावर व्हीलचेअरमधून आणलं, तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला होता, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून, म्युनिकला! आणि या खेपेला त्यांच्या बॅगेत त्यांच्या आईचा पितळी खलबत्ता होता. "आलं कुटायला बरा," म्हणून त्यांनी तो माझ्या ओट्यावर ठेवला. कुणी आलं कुटायला पुण्याहून चार किलो पितळ आणत नाही. मी "हो, बरा आहे" म्हटलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघायचं टाळलं.

गुरुदत्तचा मात्र एकच धोशा. "पुढच्या वर्षी आलात ना, की नॉर्वे." "पुढच्या वर्षी बाल्कनीत तुमच्यासाठी आरामखुर्ची." आई कधी म्हणायला लागल्या, "अरे, आता आमच्याच्याने..." की हा म्हणे, "आई, हे तू बोलत नाहीयेस, तुझे गुडघे बोलताहेत. दुखायचं थांबलं की बघ." मग बाबा चष्मा पुसायला घेत, मी चहा टाके, आणि आई चिवड्याकडे वळत.

तर वोनमोबिल. इथे चाकांवरच्या घराला हेच म्हणतात. गाडी ठरली म्हटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. आमच्या खाली राहणाऱ्या त्साइडलर बाई त्यांच्या यजमानांबरोबर अशाच गाडीतून पार उत्तर टोकापर्यंत जाऊन आलेल्या. यजमान गेले, पण सामान तळघरात तसंच आहे. "आल्झो, फ्राऊ शैला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', आलं की खुर्चीत नीट बसावं लागतं. चाकांखाली घालायच्या पाचरी हव्यात. वायरचं रीळ हवं. चिखलात अडकलात तर लाकडी फळ्या हव्यात. बाहेर बसायला टेबल, वर छप्पर, छपराला लोखंडी खुंट्या, खुंट्यांना हातोडा. मी नको म्हणू शकले असते, पण प्रत्येक वस्तू देताना त्या तिच्यावरून एकदा हात फिरवत होत्या. मी सगळं घेतलं.

दुसऱ्या बाजूने वैभवी. तिने एकदा क्रोएशियात वोनमोबिलमध्ये एक रात्र काढली आहे आणि तो अनुभव ती अजून पुरवून पुरवून वापरते. तिच्या मते बाहेर पडलं की काही म्हणजे काही मिळत नाही. "तांदूळ घरचेच ने. कांदे-बटाटे पोतंभर ने. कुकर मोठा घे, लहान कुकर डोंगरात शिजवत नाही." आयफेल म्हणजे जणू चंद्राची मागची बाजू. मी बारावी झालेली बाई. जर्मन शिकले ती दुकानांच्या जाहिराती वाचून, आणि बाकीचं जग शेजाऱ्यांना विचारून. विचारून शिकणाऱ्याचा एक तोटा असतो: ज्याला विचारलं त्याचं ऐकावं लागतं. म्हणून पोतंही गाडीत गेलं. त्यात बाबांची पाठीला आधार देणारी लाकडी खुर्ची, गुरुदत्तच्या दोन विजेच्या सायकली, ओटीचं सामान, आणि शेवटी खलबत्ता.

"तो कशाला, आई?"

"प्रवासात चहाला आलं नको?"

फ्रँकफर्टच्या थोडं पुढे पोलिसांच्या गाडीवर लाल अक्षरं उजळली: माझ्या मागे या. गुरुदत्तचा चेहरा बघण्यासारखा झाला. वीस वर्षांत त्याला साधा वेगाचा दंड नाही. विश्रांतिथांब्यावर एक तरुण पोलीसबाई खिडकीशी आली, अत्यंत नम्रपणे आमचे टायर का दबलेत असं विचारलं, आणि आम्हाला वजनकाट्यावर चढवलं.

साध्या परवान्यावर साडेतीन टनांच्या वर गाडी चालवता येत नाही, हे मला तिथे कळलं. गुरुदत्तला आधीपासून माहीत होतं. त्याने हिशेबही केला होता म्हणे, पण तो त्साइडलर बाई आणि वैभवी यांच्या आधी केलेला होता.

"आम्ही उतरतो," सासरे म्हणाले. ते सोसायटीचे बावीस वर्षं चिटणीस होते. कुठल्याही पेचप्रसंगी ते आधी राजीनामा देऊ करतात. "मी आणि ही उतरतो. अध्यक्षांनी गाडी पुढे न्यावी."

"बाबा, हायवेवर कुठे उतरता?"

"पाइनलिश," ईप्सिता म्हणाली. आमची लेक पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते, आणि निम्म्या वेळा ते उत्तर 'पाइनलिश' हेच असतं. म्हणजे लाजिरवाणं. आमच्या घरात हा शब्द मिठापेक्षा जास्त वापरला जातो.

मग आम्ही महामार्गाच्या कडेला संसार मांडला. पोतं, फळ्या, छप्पर, हातोडा. मागे लॉऱ्यांचे चालक सँडविच खात बघत उभे. पोलीसबाईने खलबत्ता उचलला आणि तिचा हात खाली गेला. "हे काय आहे?"

"चहासाठी," मी म्हणाले.

तिने तो दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. "हे इथल्या हॉटेलात ठेवून परत येताना घेता येईल," तिने सुचवलं. मी आईंना भाषांतर करून सांगितलं.

"नाही," आई म्हणाल्या. आमच्या लग्नापासून मी त्यांच्या तोंडून इतका सरळ नकार ऐकला नव्हता. "तो शैलाचा आहे. तो शैलाबरोबरच राहील."

काट्यावर उभ्या आमच्या कुटुंबात पुन्हा ती शांतता पसरली. चिवडा पोत्याखाली गेला होता, त्यामुळे इलाज नव्हता. शेवटी पोलीसबाईनेच मार्ग काढला: पिण्या-धुण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करा. भरलेल्या टाकीचं वजन पोत्यापेक्षा आणि बाबांपेक्षाही जास्त होतं. नळी उघडली. घरून भरून आणलेलं स्वच्छ पाणी गवतातून वाहत गेलं, काटा हळूहळू खाली आला, आणि साडेतीन टनांच्या आत येऊन आम्ही पाण्याच्या प्रदेशाकडे निघालो, गाडीत पाण्याचा थेंब नसताना. थांब्यावर पिण्याच्या बाटल्या घेतल्या तेवढ्याच.

तर असे आम्ही त्या गीझरच्या खेड्यात पोहोचलो आणि पडद्याआडची ती रात्र निघाली. गावाचं नाव सांगत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल.

सकाळी सासूबाईंनी गुडघ्यांना तिळाचं तेल चोळलं, गरम पाण्याआधी तेल लागतं म्हणून. हातात पंचा आणि ओटीची पिशवी. गावाच्या मधोमध दगडी बांधलेलं गोल तळं, त्यातून हा झरा दर अर्ध्या-पाऊण तासाने उसळतो. भोवती एका वृद्धांच्या सहलीतले दहा-पंधरा जर्मन आजी-आजोबा रांगेत उभे होते. गुरुदत्तने आईंचा दंड धरून त्यांना काठाशी नेलं. त्यांनी वाकून बोटं बुडवली.

"अगं बाई. हे तर गार आहे."

"गार कसं असेल?" गुरुदत्तने हात घातला. मग बाबांनी घातला. मग मी. इंजिनिअर, चिटणीस, बारावी, सर्वांचं एकमत झालं. पाणी विहिरीसारखं गार होतं.

ईप्सिताने शेजारच्या फलकाकडे बोट केलं. मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं होतं: थंड पाण्याचा गीझर. खाली कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सोड्याची बाटली हलवल्यासारखं पाणी वर येतं. "हे तर इंटरनेटवरही होतं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी वाचलं होतं."

"मग सांगायचं नाही?"

"कोणी विचारलं कुठे?"

सासऱ्यांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "पक्की आपल्या घरातली आहे," ते म्हणाले.

गुरुदत्तचा चेहरा पडला. तेल लावलेले गुडघे घेऊन त्याची आई चारशे किलोमीटर आली होती. पण सासूबाईंनी पिशवी उघडली. "थंड असलं म्हणून काय झालं? भुईच्या पोटातून आलेलं पाणी आहे. ओटी भरल्याशिवाय परत जायचं नसतं." काही बोलेपर्यंत त्यांनी कठड्याच्या आतल्या दगडावर हळद-कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली आणि ओंजळभर कुंकवाच्या अक्षता पाण्यावर सोडल्या. डोळे मिटून हात जोडले.

आणि झऱ्याने ढेकर दिला.

आधी बुडबुडे, मग एक घरघर, मग ते सगळं पाणी माणसाच्या दीडपट उंच उसळलं, आमच्या अक्षता सोबत घेऊन. नेमका वारा सुटला. लाल तांदूळ वर गेले, हवेत क्षणभर थांबले, आणि त्या तमाम जर्मन आजी-आजोबांच्या पांढऱ्या केसांवर, टकलांवर, चष्म्यांवर, कॅमेऱ्यांवर टपटप पडले.

"शुभमंगल सावधान!" सासरे खणखणीत आवाजात म्हणाले. नंतर ते म्हणत होते की आपण काही ठरवून म्हटलं नाही. अक्षता पडल्या की तोंडातून येतंच.

एका आजींनी केसांतला तांदूळ काढून बघितला. "हे शुभ असतं का?" त्यांनी मला विचारलं.

"जा," मी म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये 'हो'. दुसरं काय सांगणार? "आमच्याकडे लग्नात टाकतात. तुमचं लग्न लागलं."

त्या शेजारच्या आजोबांकडे वळल्या. आजोबांनी कोटावरचे तांदूळ बघितले. "शोन वीडर?" ते म्हणाले. पुन्हा? आणि ती अख्खी सहल हसू लागली.

तिकिटाच्या खोलीतला रखवालदार हसला नाही. झऱ्यात काहीही टाकायला सक्त मनाई आहे. तांदूळ वाहून जातील, पण पाण्याने दगडावरून ओढून नेलेली ती लाकडाची गोटी? ती आत गेली ती बाहेर आलीच पाहिजे. सुपारी ही वस्तू जर्मन अधिकाऱ्याला समजावून सांगणं कठीण आहे. ती फळ आहे, देवही आहे आणि खाताही येते. मी प्रयत्न केला. तो म्हणाला, जे असेल ते बाहेर येईपर्यंत तुम्ही इथेच थांबा.

म्हणून आम्ही सुपारीची वाट बघत बसलो. आश्चर्य म्हणजे ती सहलही बसली. आईंनी त्यांना चिवडा वाटला. लग्न लागलेल्या आजींनी दोनदा घेतला.

"चला, एवढं काही बिघडलं नाही," गुरुदत्त म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता. "पुढच्या वर्षी आइसलंड. तिथले गीझर खरे गरम. पुढच्या वर्षी नीट अभ्यास करून..."

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. तो आधीच पुसलेला होता.

"अरे गुरू," आई म्हणाल्या, "आता आमच्याच्याने..."

"थकली आहेस म्हणून वाटतंय. गुडघे थंडीने धरलेत."

आई गप्प बसल्या. झरा मात्र बसला नाही. घरघर झाली, पाणी उसळलं, आणि त्याच्या टोकावर टणकन उडून आमची सुपारी रखवालदाराच्या पायाशी पडली. सहलीने टाळ्या वाजवल्या. रखवालदाराने ती उचलून, पुसून, दोन्ही हातांनी आईंना परत दिली. दोन्ही हातांनी का, ते त्यालाच माहीत.

तिथून तासाभरावर, खोल दरीत एक स्नानगाव आहे. तिथलं पाणी गरम आहे हे या वेळी ईप्सिताला आधी विचारून घेतलं. गाडी तिथल्या कॅम्पिंगवर लावली आणि गुरुदत्त बादलीने पाणी आणायला गेला. मी म्हटलं, आधी वरणभात होऊ दे, रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरू नये. वैभवीच्या सांगण्यावरून आणलेला मोठा कुकर चढवला. खिडक्या उघड्या, दरीत पक्ष्यांचा आवाजही नाही. पहिली शिट्टी झाली तेव्हा समोरच्या डोंगरावरून ती परत ऐकू आली.

दुसरीला शेजारच्या तंबूतून एक डोकं बाहेर आलं. तिसरीला कॅम्पिंगचा व्यवस्थापक. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मिटाग्सरुहे! दुपारच्या विश्रांतीची वेळ! एक ते तीन! फाटकावर लिहिलं आहे!

मी माफी मागणार, तेवढ्यात सासरे लाकडी खुर्चीतून उठले. "सूनबाई, बाजूला हो. या गृहस्थांचं शंभर टक्के बरोबर आहे. दुपारी शांतता असा ठराव आमच्या सोसायटीत मीच मांडला होता. त्याला विरोध झाला. घंटा वाजवणारा पाववाला मी एकट्याने थांबवला." हे सगळं मराठीत, त्याच्या डोळ्यांत बघून. "याला सांग, पन्नास वर्षं मी असा देश शोधतोय."

मी सांगितलं. व्यवस्थापकाने हात पुढे केला. दोघांनी गंभीरपणे हस्तांदोलन केलं, आणि त्याच क्षणी कुकरने चौथी शिट्टी दिली.

कुकर उतरवला. डाळ कच्ची राहिली. पण नव्या मित्राने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की इथे झोपायचं नसेल तर आत्ताच स्नानगृहात जा. दुपारी सगळे झोपलेले असतात, तलाव रिकामा मिळेल.

स्नानगृहाच्या तिकीटखिडकीशी सासूबाईंनी पिशवीतून एक जुनं मऊ सुती पातळ काढलं. कुंडात नेसायचं म्हणून खास आणलेलं, विटक्या जांभळ्या रंगाचं. खिडकीतल्या मुलीने मान हलवली. पोहण्याचाच पोशाख हवा. साडी, गाऊन, काही चालणार नाही. हवा असेल तर विकत मिळेल.

"राहू दे," आई पातळाची घडी घालत म्हणाल्या. "मी काठावर बसते. तुम्ही जाऊन या. वाफ तर येईल?"

हे वाक्य मला चांगलं ओळखीचं होतं. ईप्सिता पोहायला शिकत होती तेव्हा मीही काठावरच बसायचे, मांडीवर टॉवेल घेऊन, सलवार-कुडत्यात, बाकीच्या आया पाण्यात. "मला पाणी सोसत नाही," असं मी सर्वांना सांगितलेलं होतं. काठावर बसणाऱ्या बायकांचं एक शास्त्र असतं आणि त्यात मी पारंगत आहे. पण आईंच्या हातातलं ते पातळ बघून मला स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "दोन द्या."

तिच्याकडे आमच्या मापात एकच प्रकार होता. काळ्या रंगावर बशीएवढाली जास्वंदीची फुलं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघी आणि दोन बाडेआनत्सुग, म्हणजे पोहण्याचे पोशाख. आईंनी तो हातात धरून उलटसुलट बघितला. "यात बाई कुठून शिरते?"

"पायांकडून, आई."

"आणि बाकीची?"

"बाकीची बाहेरच राहते."

त्या इतक्या हसल्या की बाकावर बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "शैला, तू घातलास तर मी घालते. तूही कधी घातला नाहीयेस. मला माहीत आहे." इतकी वर्षं मला वाटत होतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी घातला. आरशात बघितलं, कुंडीत न मावलेलं झाड दिसतं तशी दिसत होते. आईंना घालायला मदत केली. त्यांच्या गुडघ्यांवर अजून सकाळच्या तेलाची चकाकी होती. एकमेकींचा हात धरून, पोटं आत ओढून, आता सगळी जर्मनी आपल्याकडे बघणार अशा तयारीने आम्ही दार उघडलं.

एकाही माणसाने बघितलं नाही. तलावात चार-पाच म्हातारी माणसं उकडलेल्या बटाट्यांसारखी निवांत तरंगत होती. एवढी जास्वंद लेवून गेलेल्या बाईचा याहून मोठा अपमान होऊ शकत नाही. "पोट सोडा, आई," मी म्हटलं. "उगाच श्रम."

पायऱ्यांवर गुरुदत्त आणि ईप्सिता थांबले होते. बाबा चष्म्यासकट गळ्यापर्यंत पाण्यात बसून तापमानाचा फलक तपासत होते. आई कठडा धरून एक पायरी उतरल्या. मग दुसरी. पाणी गुडघ्यांना लागलं तशा त्या थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरलं. पाणी छातीशी आलं तरी त्यांनी कठडा घट्ट धरलेला होता.

"आजी, लोसलासन!" ईप्सिता पोहत त्यांच्याजवळ आली आणि तिने दोन्ही तळवे त्यांच्या पाठीखाली धरले. "लोसलासन!" म्हणजे सोड. आईंना जर्मनचं अक्षर येत नाही, पण नातीचे हात पाठीला लागले आणि त्यांनी कठडा सोडला.

त्यांचे पाय आपोआप वर आले. त्यांनी उजवा गुडघा दुमडला, सरळ केला. डावा दुमडला, सरळ केला. परत दुमडला. दुसऱ्याच कुणाचे गुडघे उसने मिळाल्यासारख्या त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" गुरुदत्तचा आवाज आनंदाने फाटला होता. "आता दर वर्षी! पुढच्या वर्षी आलात ना, की थेट इथेच..."

बाबांनी चष्मा काढला. पुसायला अंगावर कोरडं काहीच नव्हतं. तो त्यांनी हातात धरून ठेवला. मी सवयीने चिवड्याचा डबा शोधला. तो गाडीत होता.

"गुरू," आई पाण्यावर तरंगतच म्हणाल्या. "आत्ता माझं काहीही दुखत नाहीये."

"तेच तर मी..."

"थांब. दुखत असताना बोलले, की तू म्हणतोस गुडघे बोलताहेत. म्हणून मी दुखायचं थांबायची वाट बघत होते. आता गुडघे गप्प आहेत. आता मीच बोलतेय." त्यांनी हात लांब करून पाण्यातून त्याचं मनगट धरलं. "ही आमची शेवटची खेप, बाळा. पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही. आता यायची पाळी तुमची."

मग बाबांनी ओला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि हात वर केला.

"अनुमोदन," ते म्हणाले.